भात्यावरून सुटलेला हात

पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात भात्यावर असतो. गाणं उजव्या हाताच्या बोटांत असतं आणि डावा हात त्याला श्वास पुरवतो. चौल-रेवदंड्याच्या बाजूला भजनी मंडळांत मी लहानपणापासून हेच पाहिलं आणि पेटी शिकलो तीही अशीच. म्हणून इलेक्ट्रॉनिक ऑर्गन घरात आला तेव्हा उजव्या हाताला फारसं काही नवं नव्हतं. कळा त्याच होत्या, सूर ओळखीचे होते. पण भात्याचं काम आता वीज करत होती आणि एक अख्खा हात रिकामा झाला होता. त्या हाताने काय करायचं हे शिकण्यातच माझं दीड दशक गेलं. जे शिकलो ते गाण्यांकडून शिकलो. सोबत आलेल्या माहितीपुस्तिकेने बटणांची नावं सांगितली, त्यापलीकडे नाही.

मराठी संगीतात हात मोकळा होण्याची ही पहिली वेळ नव्हे. संगीत रंगभूमीवर पायाने भाता चालवायचा ऑर्गन आला तेव्हाच दोन्ही हात सुटे झाले होते. तरीही नाट्यपदाच्या साथीत डावा हात बहुधा खालच्या सप्तकात तीच चाल धरायचा, नाहीतर षड्ज-पंचम भरून ठेवायचा. गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर पेटी आणि ऑर्गन दोन्ही वाजवत. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांचा ऑर्गन ऐकताना मला नेहमी जाणवतं ते हे की गाण्याला आधार द्यायला फार सूर लागत नाहीत. हे सुरुवातीलाच नीट ऐकलं असतं तर पुढची बरीच वाट सोपी झाली असती, पण नव्या यंत्राचं आकर्षण वेगळंच असतं.

विजेवरच्या ऑर्गनची गोष्ट जुनी आहे. अमेरिकेत लॉरेन्स हॅमंडचा ऑर्गन १९३५ साली बाजारात आला. जपानमध्ये यामाहाचा इलेक्टोन १९५९ साली निघाला. कॅसिओने आपला पहिला कीबोर्ड १९८० मध्ये काढला आणि पाठोपाठ स्वस्त, लहान, सेलवर चालणारी वाद्यं जगभर गेली. आमच्या किनाऱ्यावर मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याकडची माणसं आखातात नोकरीला होती. सुट्टीवर येताना त्यांच्या सामानात टेपरेकॉर्डरबरोबर कॅसिओही येऊ लागला. अजूनही गावात कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला कॅसिओच म्हणतात.

जपानी वाद्य कोळीवाड्यात शिरण्याची रीत त्याआधीपासूनची आहे. हळदीत नि मिरवणुकीत वाजणारा बेंजो, म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली तारा असलेलं ते वाद्य, मूळचं जपानी ‘ताइशोगोतो’चं रूप. ते १९१२ साली नागोयात मोरिता गोरो यांनी घडवलं. आपल्याकडे त्याला पिकअप बसला, अँप्लिफायर जोडला गेला आणि ते इतकं आपलं झालं की परकं वाटण्याचा प्रश्नच उरला नाही. बेंजोवाल्याकडून मला एक गोष्ट नक्की मिळाली. लांब सूर तो छेडत राहतो, नुसता धरून ठेवत नाही. कीबोर्डवर बेंजोचा आवाज लावून कळ दाबून ठेवली तर तो मेलेला वाटतो. एकाच कळेवर दोन बोटं आलटून-पालटून मारली की जिवंत होतो.

पहिल्या सरावाची गाणी यंत्रात भरलेलीच होती. घरात आलेला ऑर्गन यामाहाचा होता आणि त्यात एक सोय असते: पडदा पुढची कळ दाखवतो आणि तुम्ही योग्य सूर दाबेपर्यंत गाणं थांबून राहतं. बेथोव्हनच्या नवव्या सिम्फनीतली आनंदाची धून मी अशीच शिकलो. ती जवळजवळ सगळी पाच सुरांत मावते, त्यामुळे हात जागचा हलत नाही. पेटीवाल्याचा अंगठा बराचसा आळशी असतो. त्याला कामाला लावण्यासाठी ही धून उत्तम. डाव्या हाताला त्यात दोन-तीन कॉर्ड पुरतात. पहिल्यांदा तीन बोटांनी एक कॉर्ड धरली आणि यंत्राने त्यावर ढोल, बास, गिटार सगळं उभं केलं, तेव्हा झालेला आनंद मी आजही कमी लेखत नाही. एकट्या माणसाच्या मागे वाद्यवृंद उभा राहतो, आणि पनवेलसारख्या शहरापासून दूर राहणाऱ्या, शिकवणीची सोय नसलेल्या मुलासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे.

मग भूप वाजवायला घेतला आणि अडलं.

भूपात मध्यम नाही, निषाद नाही. सा-रे-ग-प-ध, एवढेच सूर. पण पाश्चात्त्य सरावगाण्यांनी डाव्या हाताला लावलेल्या तीन कॉर्ड बघा. सा-ग-प ठीक. म-ध-सा धरली की मध्यम आला. प-नी-रे धरली की निषाद आला. उजवा हात भूप जपतोय आणि डावा हात शेजारी बसून वर्ज्य सूर वाजवतोय. पूर्णपणे रागात बसणाऱ्या अशा कॉर्ड दोनच उरतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. हे कळलं तेव्हा मी एकेक राग घेऊन त्यात कुठल्या कॉर्ड बसतात याची वही करायला लागलो. माझ्या मते सिनेगीतं वाजवणाऱ्यानेही ही वही करावी. कॉर्ड लावणं म्हणजे सुरांची निवड, आणि निवड आंधळेपणाने करू नये.

याच शोधात यंत्राची एक चांगली गोष्ट सापडली. डाव्या हातात फक्त सा आणि प धरले तर तेही त्याला कळतं, आणि साथीतून ते गंधार वगळतं. तंबोऱ्याच्या जवळ जाणारी ही सोय बहुतेक शिकणाऱ्यांच्या नजरेतून सुटते, कारण सरावगाण्यांत ती कुठे येत नाही.

पुढे यामाहा आणि कॅसिओ दोघांनीही भारतासाठी वेगळी मॉडेल्स काढली. यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेत तबला, ढोलकी, केरवा, दादरा आले आणि आय-५०० मध्ये तर ‘रियाज’ नावाची सोयच आली. सुरुवातीला वाटलं, आता प्रश्न सुटला. काही प्रमाणात सुटलाही. भजनात मात्र कामी आलं ते ट्रान्सपोजचं बटण. बसताना बुवांना विचारायचं, “बुवा, पट्टी कोणती?” ते म्हणणार, “काळी दोन.” ट्रान्सपोज तीनने वर घेतला की बोटं पांढरी एकमध्येच फिरतात आणि आवाज काळी दोनचा येतो. जुने पेटीवाले याला पळवाट म्हणतात. उजव्या हाताबाबत त्यांचं बरोबर आहे, सगळ्या पट्ट्या बोटांत असाव्यातच. पण डाव्या हाताने कॉर्ड धरायच्या असतील तेव्हा मी ते बटण वापरतो आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

गणपतीच्या आरतीने वेगळा धडा दिला. घरात दहा माणसं झांजा घेऊन उभी राहिली की आरती ठरल्या लयीत राहत नाही, ती चढत जाते, आणि ती चढायलाच हवी. यंत्राचा ताल मात्र लावलेल्या आकड्यावर ठाम असतो. दुसऱ्या कडव्यापर्यंत माणसं पुढे आणि ढोलकी मागे. यावर टॅप टेम्पोचं बटण आहे, त्यावर बोटाने ठोके दिले की लय बदलते. पण आरतीत तालाची वाण कुठे असते? टाळ्या आहेत, झांजा आहेत. तिथे ताल बंद ठेवून नुसता सूर भरायचा, हे मी ठरवलं आणि तेव्हापासून तसंच करतो.

खरं प्रोग्रॅमिंग कोळीगीतांनी शिकवलं. शांता शेळके यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांची चाल असलेलं ‘मी डोलकर’ हेमंतकुमार आणि लताबाईंनी गायलं. त्यातला हेलकावा ज्याच्या कानात आहे त्याला यंत्रातला तयार ताल पटत नाही. पुष्कळ कोळीगीतं सहा मात्रांत झुलतात: तीन-तीनचे दोन गट, पहिलीवर वजन, चौथीवर उचल. वॉल्ट्झ लावला तर दर तिसऱ्या मात्रेनंतर तोच जड ठोका पडतो आणि होडी जागच्या जागी आपटते. ‘६/८ मार्च’ नावाचा एक ताल असतो, त्यात मात्रांचा हिशोब जमतो, पण पावलं सैनिकांची असतात.

तेव्हा ताल स्वतः रचणं भाग होतं. मोठ्या अरेंजर कीबोर्डवर ‘स्टाईल क्रिएटर’ असतो. यामाहाच्या पद्धतीत एका स्टाईलचे आठ भाग: तालाचे दोन, बास, कॉर्डचे दोन, पॅड आणि फ्रेजचे दोन. शिवाय इंट्रो, मेन, फिल-इन, एंडिंग असे टप्पे. बास आणि फ्रेज भरताना सी मेजर सेव्हन ही कॉर्ड धरलेली आहे असं मानून वाजवायचं असतं. म्हणजे सा-ग-प-नी हे मुख्य, रे आणि ध चालतात, मध्यम टाळायचा. एकदा भरलं की तुम्ही कुठलीही कॉर्ड धरा, यंत्र त्या सुरांना तिच्यानुसार हलवतं. हे वाचून समजत नाही. एक गाणं घेऊन, त्याचा बास स्वतः भरून, मग कॉर्ड बदलून ऐकलं की लगेच समजतं.

ढोलकी भरताना सगळ्यात कठीण गोष्ट लागली ती क्वांटाइझ. ठोके थोडे मागे-पुढे पडले तर ही सोय त्यांना नेमक्या जागी ओढून बसवते. बासला ते उपकारक ठरतं. ढोलकीचा मात्र जीव जातो, कारण चौथ्या मात्रेवरची ती उचल किंचित आधी येते आणि त्या किंचितमध्येच सगळा डोल आहे. म्हणून माझ्या कोळी ठेक्यात बास नेमका आहे आणि ढोलकी हाताने वाजवली तशीच ठेवली आहे. मुंबईचे चरणजित सिंह यांनी १९८२ साली रोलंडच्या यंत्रांवर दहा राग डिस्को ठेक्यात बसवले. तिथे यंत्राचा काटेकोरपणा हेच सौंदर्य होतं. आमच्या गाण्यांना तो मानवत नाही.

किनाऱ्यावर ही वाद्यं टिकवणं हेही शिक्षणच. कळेखाली रबराच्या पट्टीवर कार्बनचे दोन टेकू असतात. पहिला आणि दुसरा टेकण्यात किती वेळ गेला यावरून यंत्र ठरवतं की कळ हळू दाबली की जोरात. खाऱ्या, दमट हवेने त्यातला एक नीट टेकेनासा झाला की एखादा सूर एकदम ओरडतो किंवा उठतच नाही. पावसाळ्यात झाकण, कोरडं फडकं आणि रोजचं वाजवणं, एवढाच इलाज मला माहीत आहे. न वाजवलेलं वाद्य लवकर बिघडतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला धडकलं. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, खांब पडले आणि कित्येक गावांत पुष्कळ दिवस वीज नव्हती. कीबोर्ड सहा सेलवर चालतो म्हणून आवाज अगदी बारीक ठेवून वाजवता येत होता. ताल लावायला मन धजत नव्हतं. शेजारच्या वाडीत माणसं तीन पिढ्यांची पोफळ तोडून बाजूला करत होती. त्या दिवसांत डाव्या हातात सा आणि प, उजव्या हातात एक ओवी, एवढंच वाजवलं. आधी सापडलेली ती सोय तेव्हा खऱ्या अर्थाने हातात बसली, आणि कॉर्डची सवय सुटली.

त्यामुळेच पुढे धवल्यांच्या वाटेला जाता आलं. आगरी-कोळी लग्नात धवलारीण विधींची गाणी, म्हणजे धवले, म्हणते. सूर चार-पाचच, ताल जवळपास नाही, आणि पट्टी तिच्या गळ्याची, जी दोन कळांच्या मधे कुठेतरी असते. यंत्राचं ट्यूनिंग ४४० हर्ट्झवरून थोडं-थोडं सरकवून तिच्या सुरापर्यंत यायचं, पॅडवर सा-प ठेवायचे आणि थांबायचं. तिच्यामागे कॉर्ड वाजवणारे ऑर्केस्ट्रा मला ऐकवत नाहीत. हे गाणं एकट्याच्या बळावर उभं आहे आणि ते तसंच उभं राहिलं पाहिजे.

सध्या बाल्या नाचाचा ठेका बसवतोय. गौरी-गणपतीत नाच चढत जातो तशी लय चढते, म्हणून मेनचे चार टप्पे चार वेगवेगळ्या अंगांनी भरायचे आणि प्रत्येकाचा वेग रजिस्ट्रेशन मेमरीत वेगळा ठेवायचा असा बेत आहे. दोन टप्पे झाले. ज्याची ढोलकी ऐकून मी ठोके उतरवतो तो बोटीवर असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेवढे दोन महिने तो संध्याकाळी मोकळा असतो. उरलेले दोन टप्पे त्यातच उरकायचे आहेत, नाहीतर गणपती उजाडेल आणि आम्ही पुन्हा ‘६/८ मार्च’वर येऊ.