जुन्या स्विस पिस्तुलाची पारख

श्रोतेहो, बाजारात बैल घेताना आपण नुसत्या रंगावर भुलत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो, आणि ही सगळी लक्षणे एकमेकांशी जुळतात का ते ताडतो. जुनी वस्तू पारखण्याची रीतही हीच. युरोप-अमेरिकेतले शस्त्रसंग्राहक जुन्या स्विस पिस्तुलांना फार मान देतात. असे पिस्तूल मूळचे आहे, की निरनिराळ्या पिस्तुलांचे भाग जोडून उभे केले आहे, हे ते कसे ओळखतात, ते आज पाहू. आपल्या देशात पिस्तूल बाळगायला परवाना लागतो. तेव्हा आपल्या दृष्टीने हा विषय खरेदीचा नाही, पारखीचा आहे.

आधी थोडा इतिहास, कारण त्यावाचून पारख नाही. स्वित्झर्लंडच्या सैन्याने १९०० साली गेऑर्ग लुगर यांनी रचलेले ७.६५ मिलिमीटरचे पिस्तूल स्वीकारले. ते बर्लिनच्या डी.डब्ल्यू.एम. कारखान्यातून येई. १९१४ साली महायुद्ध पेटले, जर्मनीचा माल बंद पडला, आणि मग बर्न येथील सरकारी शस्त्र-कारखान्याने हेच पिस्तूल घडवण्याचे काम अंगावर घेतले. पण त्याची घडण फार महाग पडे. म्हणून १९२९ सालच्या नमुन्यात बरीच काटछाट झाली. पुढे १९४९ साली सैन्याने नॉयहाउझेनच्या एस.आय.जी. कारखान्याचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल घेतले, आणि १९७५ साली त्याचीही जागा नव्या नमुन्याने घेतली.

आता पहिली कसोटी: काळ आणि भाग यांचा मेळ. बर्लिनच्या सुरुवातीच्या पिस्तुलांवर नळीच्या मागच्या बाजूस, वरच्या अंगाला, सूर्यकिरणांत स्विस क्रूस कोरलेला असतो. बर्नच्या पिस्तुलांवर, गोळी सुटताच गुडघ्यासारखा वर दुमडणारा जो सांधा असतो, त्यावर खूण असते. जुन्या नमुन्यांच्या मुठीला जाळीदार कोरीव लाकडी पट्ट्या असत. १९२९ च्या नमुन्याला प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या, आधी तांबूस, मग काळ्या. मुठीची पुढची बाजूही वळणदार होती ती सरळ झाली. मग १९२९ च्या मुठीला जुनी लाकडी पट्टी दिसली, तर जाणकार लगेच विचारणार, ही इथे आली कुठून?

दुसरी कसोटी क्रमांकाची. एस.आय.जी.च्या सैनिकी पिस्तुलात सांगाडा, वरचा सरकता भाग आणि नळी या तिन्हींवर एकच क्रमांक असतो. एकावर वेगळा आकडा निघाला, तर तो भाग दुसऱ्या घरचा. आकडे जुळले तरी तेवढ्याने भागत नाही बरे का! आकड्यांची घडण, त्यांची खोली, ओळीतले अंतर हेही पाहावे लागते. आकडा मागाहून ठोकला असेल, तर त्याच्या कडेला ताजे उचललेले धातू दिसते. किंवा जुना आकडा घासून काढल्यामुळे ती जागा किंचित खोलगट लागते.

तिसरी कसोटी पृष्ठभागाची. पोलादावर जी निळसर-काळी झाक असते, ती वापराने ठरावीक जागीच उडते. नळीचे टोक आणि बाजूच्या कडा चामड्याच्या म्यानात घासून उजळ होतात. सगळे पिस्तूल असे झिजलेले आणि एकच भाग कोरा करकरीत, हे शंकेचे लक्षण. उलट, गंजाचे जुने खड्डे दिसतात, पण खड्ड्याच्या तळाशीही ताजी झाक आहे, तर समजावे की ती नंतर दिलेली आहे. पॉलिश करताना कडा बोथट होतात, अक्षरे पुसट होतात. हेही लपत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बदललेला भाग म्हणजे खोटाच का? नाही. इथेच खरी पारख आहे. स्विस सैन्य हे मुख्यतः नागरिकांचे सैन्य. शेतकरी, शिक्षक, कारागीर ठरलेला काळ सेवा करतात. वर्षानुवर्षे वापरलेल्या हत्याराची नळी झिजली, तर सैन्याचा कारागीर नवी बसवी. हा बदल त्या पिस्तुलाच्या चरित्राचाच भाग झाला. सेवा संपल्यावर पिस्तूल त्या माणसाच्या मालकीचे झाले, की त्यावर ‘पी’ हे अक्षर उमटवीत; त्याचा अर्थ खासगी. अडाणी विक्रेता ते अक्षर डाग समजून घासून टाकतो आणि त्या हत्याराचा अर्धा इतिहास पुसतो! तेव्हा भाग तीन तऱ्हेचे: कारखान्यातला, सैन्याने बदललेला, आणि किंमत वाढवण्यासाठी मागाहून बसवून लपवलेला. पहिले दोन इतिहास सांगतात. तिसरा खोटी साक्ष देतो. बदल उघड सांगितला तर ती दुरुस्ती. लपवला तर ती लबाडी.

एका खुणेवरून निकाल मात्र देऊ नये. काळ, क्रमांक आणि झीज या तिघांची साक्ष जुळली, तरच होकार द्यावा.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा धडा वर्गात देण्यास पिस्तूल नको. गावातले जुने कुलूप, अडकित्ता, समई मुलांपुढे ठेवा. कोणता भाग मूळचा, कोणता डागडुजीचा, आणि कशावरून, हे त्यांना विचारा. आणि एवढे जरूर बजावा, की जुनी वस्तू हाती आली तर चिंच-राखेने घासून लख्ख करण्याची घाई करू नये. ती चमक दोन दिवस टिकते. तिच्यापायी पुसलेली खूण मात्र पुन्हा मिळत नाही.