सेटवरील शांततेचा अर्थ

बाहेरगावचे युनिट चित्रीकरणासाठी गोव्यात आले की जमावात उभे राहण्यासाठी, गाडी चालविण्यासाठी किंवा हाताखालच्या कामासाठी स्थानिक तरुणांनाही बोलावणे येते. पहिल्याच दिवशी त्यांच्या कानी पडणारा शब्द म्हणजे ‘सायलेन्स!’ हा दरारा कुणा बड्या कलाकाराच्या लहरीसाठी असतो, असा नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात तो माइकसाठी असतो.

पूर्वी हिंदी चित्रपटांतील संवाद बहुधा नंतर डबिंगमध्ये भरले जात. सेटवरील गलबला त्यामुळे खपून जाई. ‘लगान’ने (2001) चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रण करण्याचा आग्रह धरला आणि पुढे ही पद्धत रुळत गेली. आता ‘रोल साउंड’चा पुकारा होताच पंखे आणि वातानुकूलन यंत्रे बंद होतात, चालता माणूस जागीच थबकतो. फोन ‘सायलेंट’ करून भागत नाही. टेबलावरची त्याची थरथरही माइक टिपतो. दृश्य संपल्यावरही ध्वनिमुद्रक सर्वांना अर्धा मिनिट स्तब्ध उभे करतो. त्या जागेची स्वतःची शांतता, म्हणजे ‘रूम टोन’, त्याला हवी असते. संकलनात दोन संवादांमधील फट तिनेच सांधली जाते. नवख्याला नेमका तेव्हाच खोकला येतो!

इतर संकेतही असेच कामातून आलेले आहेत. अभिनेत्याच्या नजरेच्या रेषेत उभे राहू नये, त्याचे लक्ष विचलित होते. टेबलावरचा अर्धा प्यालेला चहा उचलू नये; पुढच्या शॉटमध्ये तो तेवढाच दिसावा लागतो. काही सुचवायचे असल्यास सहायक दिग्दर्शकाला गाठावे, थेट कलाकाराला नव्हे.

जिवाचा प्रश्न आला की मात्र गप्प राहणे हाच प्रमाद ठरतो. 21 ऑक्टोबर 2021 रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’च्या सेटवर ‘कोल्ड गन’, म्हणजे धोका नसलेले पिस्तूल, असे सांगून जे हत्यार अभिनेत्याच्या हाती दिले गेले, त्यात खरी गोळी निघाली. छायालेखिका हलिना हचिन्स यांचा त्यात मृत्यू झाला. हत्यारे सांभाळणाऱ्या तरुणीला 2024 मध्ये दीड वर्षाची शिक्षा झाली. त्यामुळे ‘हत्यार माझ्यासमोर उघडून दाखवा’ असे म्हणणारा कलाकार उद्धट ठरत नाही. उघडी पडलेली वायर दिसलेल्या स्पॉटबॉयनेही ‘थांबा’ म्हणण्यासाठी ‘कट’ची वाट पाहू नये.