उंचावरचा मुक्काम : खोली स्वस्त चालेल, घाई चालणार नाही

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास रेंगाळू लागतो, धुळ्याचे रस्ते दुपारी ओस पडतात आणि खानदेशातील अनेक कुटुंबांना थंड हवेच्या गावांची आठवण होते. एकेकाळी ही वाट तोरणमाळ, सापुतारा किंवा फार तर माउंट अबूपर्यंत जाऊन थांबत असे. आता ती लेह-लडाख, केदारनाथ आणि अमरनाथपर्यंत पोहोचली आहे. दक्षिण अमेरिकेत पेरू आणि बोलिव्हियातील अँडीज पर्वताच्या कुशीतल्या गावांत उतरणारे मराठी प्रवासीही अधूनमधून भेटतात.

अशा प्रवासाचे अंदाजपत्रक मांडताना पहिला प्रश्न असतो तो राहण्याच्या खर्चाचा. साधे लॉज, गेस्ट हाऊस, धर्मशाळा किंवा एखाद्या घरातील खोली घेऊन पैसे वाचवता येतात आणि त्यात काहीच गैर नाही. मात्र दुसरी बचत धोक्याची ठरते. ती म्हणजे दिवसांची बचत. सुटी मोजकी, गाडीची तिकिटे ठरलेली, म्हणून ज्या दिवशी पोहोचायचे त्याच दिवशी फिरायला निघायचे, असा बेत सर्रास आखला जातो. सखल प्रदेशात तो खपून जातो. तीन-साडेतीन हजार मीटर उंचीवर तो अंगाशी येऊ शकतो, क्वचित जिवावरही बेततो.

तोरणमाळचा अनुभव पुरेसा नाही

जळगाव आणि धुळे ही शहरे समुद्रसपाटीपासून अवघ्या दोनशे ते अडीचशे मीटर उंचीवर आहेत. जुन्या धुळे जिल्ह्यातील आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात असलेले तोरणमाळ सुमारे १,१५० मीटरवर आहे. दिवाळीच्या सुमारास भाविक ज्या अस्तंभ्याच्या डोंगरावर चढतात तो सुमारे १,३२५ मीटर उंच आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर संपते.

आता दुसरी बाजू पाहावी. लेह शहर सुमारे ३,५०० मीटर, केदारनाथ सुमारे ३,५८० मीटर आणि अमरनाथची गुहा ३,८८८ मीटर उंचीवर आहे. पेरूमधील कुस्को सुमारे ३,४००, बोलिव्हियातील ला पाझ सुमारे ३,६४० आणि तितिकाका सरोवराकाठचे पुनो सुमारे ३,८३० मीटरवर वसले आहे. म्हणजे कळसूबाईची उंची लेहच्या निम्मीही भरत नाही. तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठी पहाटे हुडहुडी भरली, तरी तेथे श्वास लागत नाही. म्हणूनच 'आम्ही डोंगर पाहिलेले आहेत' हा आत्मविश्वास हिमालयात किंवा अँडीजमध्ये कामाला येत नाही.

रात्रच महत्त्वाची का?

उंचावर हवेत प्राणवायू कमी असतो असे म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण जळगावात सुमारे २१ टक्के असते आणि लेहमध्येही तेवढेच असते. कमी होतो तो हवेचा दाब. साडेतीन हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक फुप्फुसात जाणारा प्राणवायू एक-तृतीयांशाने घटतो. तोरणमाळला ही घट साधारण बारा टक्के असते आणि शरीर ती सहज भरून काढते.

दाब घटला की शरीर श्वासोच्छ्वासाचा वेग वाढवते, नाडी जलद होते. वेगाने श्वास घेतल्यामुळे कार्बन डायऑक्साइड अधिक प्रमाणात बाहेर पडतो आणि रक्ताचे रासायनिक संतुलन बिघडते. ते सावरण्याचे काम मूत्रपिंडे करतात आणि त्याला एक-दोन दिवस लागतात. हा काळ पैशाने कमी करता येत नाही. पंचतारांकित हॉटेलातील पाहुण्यालाही तो द्यावाच लागतो.

झोपेत श्वास मंदावतो आणि रक्तातील प्राणवायू आणखी खाली जातो. त्यामुळे दिवसा एखादी उंच खिंड ओलांडण्यापेक्षा त्या उंचीवर रात्र काढणे शरीराला अधिक जड जाते. गिर्यारोहक दिवसा उंच चढतात आणि झोपायला खाली येतात, ते याच कारणाने. सर्वमान्य वैद्यकीय नियमही मुक्कामाच्या उंचीला धरूनच आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी.

चिलीच्या खाणी ते लडाखची सीमा

अँडीजमध्ये या त्रासाला 'सोरोचे' किंवा 'पुना' म्हणतात. चिलीतील खाणींवर डॉक्टर म्हणून काम केलेल्या थॉमस रेव्हनहिल यांनी १९१३ मध्ये त्याचे तीन प्रकार सांगितले : साधा, हृदयाशी संबंधित आणि मेंदूशी संबंधित. आज वैद्यकशास्त्र जे तीन विकार मानते, त्यांच्याशी ही विभागणी बरीच जुळते. पहिला साधा पर्वतविकार, दुसरा फुप्फुसात पाणी साठण्याचा आणि तिसरा मेंदूला सूज येण्याचा.

या विषयात भारताचे योगदान मोठे आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात सखल प्रदेशातील जवानांना घाईने उंच सीमेवर न्यावे लागले. त्यानंतर लष्करातील डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर आधारित निबंध १९६९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केला. तो आजही या विषयातील मूलभूत अभ्यास मानला जातो. धडधाकट, कवायतीत मुरलेल्या तरुणांनाही हा विकार गाठतो. रोज व्यायाम करणाऱ्याला त्यातून सूट मिळत नाही. उलट दमसास चांगला असलेला माणूस पहिल्याच दिवशी अधिक धावपळ करतो आणि अडचणीत येतो.

अँडीजमधील मुक्कामाचा धडा

लिमा हे पेरूच्या राजधानीचे शहर समुद्रकिनारी आहे. तेथून विमान सव्वा तासात कुस्कोला पोहोचते. दिल्ली-लेह विमानप्रवासाचे हे जणू प्रतिबिंबच आहे. दिल्लीची उंचीही जळगावइतकीच असल्याने खानदेशच्या प्रवाशाला रेल्वेप्रवासात उंचीचा काहीच सराव होत नाही.

कुस्कोत उतरलेले जाणते प्रवासी पहिल्या रात्री तेथे राहतच नाहीत. ते जवळच्या 'सेक्रेड व्हॅली'त, सुमारे २,८०० मीटरवरील ओयान्तायताम्बोसारख्या गावात साधी खोली घेतात, २,४३० मीटरवरील माचू पिच्चू पाहतात आणि मग कुस्कोला मुक्कामाला येतात. खर्च तेवढाच होतो, फक्त क्रम उलटा. ला पाझमध्ये तर उंचीचा हिशेब शहराच्या रचनेतच दिसतो. आपल्याकडे थंड हवेच्या ठिकाणी उंचावरचा बंगला प्रतिष्ठेचा मानतात. तेथे सधन वस्ती दरीच्या तळाशी आहे आणि कष्टकऱ्यांची एल आल्तो वस्ती चार हजार मीटरच्या वर आहे.

तेथील लहानमोठ्या हॉटेलांत पाहुण्याच्या हाती कोकाच्या पानांचा चहा दिला जातो. पेरू आणि बोलिव्हियात तो कायदेशीर आहे. मात्र भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली कोकाचे पान निषिद्ध आहे. आठवण म्हणून त्या चहाची पुडी बॅगेत टाकून आणणे महागात पडू शकते.

लडाख आणि केदारनाथचा क्रम

हाच धडा लडाखला लावता येतो. विमानाने लेहला उतरल्यास पहिले दोन दिवस शहराबाहेर जाऊ नये. पहिला दिवस तर खोलीत आणि अंगणातच घालवावा. त्यानंतर सुमारे ४,२५० मीटरवरील पँगाँग सरोवराकाठी मुक्काम करण्याआधी, लेहपेक्षा सखल असलेल्या नुब्रा खोऱ्यात राहावे. वाटेतील खारदुंग ला ही खिंड पाच हजार मीटरहून उंच आहे. तेथे छायाचित्रांसाठी तासभर रेंगाळू नये.

रस्त्याने जायचे असेल तर श्रीनगरची वाट शरीराला अधिक मानवते. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटर, मग कारगिल सुमारे २,७०० मीटर आणि मग लेह, अशा पायऱ्या आपोआप मिळतात. मनालीच्या रस्त्यावर सर्चू येथील तंबूंचा मुक्काम सुमारे ४,२९० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षाही उंच आहे. सखल प्रदेशातून आलेल्या माणसाने दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तेथे झोपणे म्हणजे संकटाला निमंत्रण आहे. हा रस्ता परतीसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

केदारनाथच्या यात्रेकरूंची अडचण वेगळी आहे. सुमारे १,९८० मीटरवरील गौरीकुंडाहून एकाच दिवसात सोळाशे मीटर चढून रात्री मंदिराजवळ मुक्काम केला जातो. हेलिकॉप्टरने तर हे अंतर काही मिनिटांत कापले जाते. आधी गुप्तकाशी आणि मग सोनप्रयाग किंवा गौरीकुंड येथे एकेक रात्र घालवली, तर शरीराला थोडी उसंत मिळते. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर ती द्यायलाच हवी.

खोली घेताना काय पाहावे?

स्वस्त खोलीत गालिचा नसला तरी चालतो. पाहायच्या गोष्टी निराळ्या आहेत. खोली तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर असावी. साडेतीन हजार मीटरवर सामान घेऊन तीन जिने चढणे पहिल्या दिवशी सोपे नसते. हिमालयात खिडकी दक्षिणेकडे असल्यास दिवसभर ऊन मिळते. रजया किती मिळतील, गरम पाणी कोणत्या वेळेत येते, रात्री दुखणे उद्भवल्यास मालक किंवा गाडी जवळ आहे का, हे आधीच विचारावे. लेहमधील अनेक घरगुती गेस्ट हाऊसमध्ये मालकाचे कुटुंब तेथेच राहते. अशा ठिकाणी पाहुण्याच्या तब्येतीकडे आपुलकीने लक्ष दिले जाते आणि हीच त्या मुक्कामाची खरी श्रीमंती असते. पाणी तेथे मोजकेच असते, याचेही भान ठेवावे.

सर्वांत मोठी काळजी शेगडीची. थंडी असह्य झाली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कधीही झोपू नये. गॅस गीझर असलेल्या न्हाणीघरात हवा खेळती आहे का, तेही पाहावे. अशा ठिकाणी साठणारा कार्बन मोनॉक्साइड वायू डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वास नसतो. डोकेदुखी आणि मळमळ ही त्याची लक्षणे पर्वतविकारासारखीच असल्याने गफलत होते आणि मदत उशिरा पोहोचते.

लक्षणे ओळखा, खाली उतरा

पहिल्या रात्री डोके दुखणे, भूक मंदावणे, झोप तुटक लागणे हे बहुतेकांना कमी-अधिक होते. पुरेसे पाणी, वरण-भात किंवा खिचडीसारखे हलके जेवण आणि विश्रांती यांनी ते ओसरते. शेवभाजीचा झणझणीत बेत दोन दिवस लांबणीवर टाकावा. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात, कारण त्यांनी झोपेतील श्वास आणखी मंदावतो. कापूर हुंगल्याने रक्तातील प्राणवायू वाढत नाही. प्राणवायूचा छोटा डबाही काही मिनिटांपुरताच असतो.

मात्र स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागणे, सततचा खोकला, छातीत घरघर, चालताना तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नये. फुप्फुसात पाणी साठण्याचा विकार बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, अनेकदा रात्रीच बळावतो. जवळचे रुग्णालय गाठणे आणि शक्य तितके खाली उतरणे हाच त्यावरचा उपाय आहे. सहप्रवाशांचा बेत बिघडेल या संकोचाने त्रास लपवणे ही सर्वांत घातक चूक होय.

प्रतिबंधक म्हणून अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध दिले जाते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास तसे आधीच सांगावे. हृदयविकार, दमा, मधुमेह असलेल्यांनी आणि गर्भवतींनी निघण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. खानदेशच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सातपुड्याच्या पट्ट्यातील आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. हा आजार असलेल्यांना विरळ हवा अतिशय घातक ठरू शकते. केवळ वाहक असलेल्या, एरवी निरोगी दिसणाऱ्या व्यक्तीलाही फार उंचावर प्लीहेला इजा होण्याचा धोका असतो. रक्ताची साधी तपासणी तिकीट काढण्याआधी झालेली बरी.

उंचावरच्या गावात स्वस्त आणि महाग खोलीतील फरक गादी-गालिच्यांचा असतो. हवा दोन्हीकडे सारखीच विरळ असते. म्हणून साध्या खोलीमुळे वाचलेल्या पैशांतून दोन रात्री वाढवाव्यात. एवढे केले तर स्वस्त मुक्काम खऱ्या अर्थाने परवडला, असे म्हणता येईल.