ऑस्ट्रेलियातील दोन फुटबॉल आणि किशोर खेळाडू

ऑस्ट्रेलियात ‘फुटबॉल’ हा शब्द कोणत्या खेळाचा वाचक आहे, हे तो उच्चारणारा मनुष्य कोणत्या शहरचा आहे यावर अवलंबून असते. मेलबर्न, ॲडलेड, पर्थ वा होबार्ट येथील रहिवासी त्या नावाने ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलचा निर्देश करतो; सिडनी व ब्रिस्बेन येथे तेच नाव बहुधा रग्बी लीगकडे जाते. आपण भारतात ज्याला फुटबॉल म्हणतो त्या खेळाला तेथे दीर्घकाळ ‘सॉकर’ या नावावर समाधान मानावे लागले. त्याच्या राष्ट्रीय संस्थेने आपल्या नावातून हा शब्द वगळला तो २००५ च्या आरंभी. इतिहासकार इयन टर्नर यांनी १९७८ साली या देशाची एका कल्पित रेषेने विभागणी केली आणि तिला रॉन बरासी या विख्यात खेळाडूचे नाव दिले: रेषेच्या एका बाजूस ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा प्रदेश, दुसऱ्या बाजूस रग्बीचा. प्रौढ प्रेक्षकांच्या निष्ठेचा नकाशा म्हणून ही रेषा आजही बरीचशी खरी आहे. मुलांच्या बाबतीत मात्र ती फारशी उपयोगी पडत नाही. कारण संपूर्ण देशाचा विचार केला तर सांघिक खेळांपैकी सॉकर खेळणारी मुलेच संख्येने सर्वांत अधिक आढळतात. असे असूनही पैसा, प्रेक्षक आणि वृत्तपत्रांतील जागा ही ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या पदरात पडतात. संख्येने पुढे असलेला खेळ आपली मुले अखेरपर्यंत का राखू शकत नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

दोन्ही खेळांचे स्वरूप प्रथम थोडक्यात पाहावयास हवे. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे पहिले लिखित नियम मेलबर्न फुटबॉल क्लबच्या सभासदांनी मे १८५९ मध्ये तयार केले, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १८६३ साली आपले नियम सिद्ध करण्याच्या चार वर्षे आधी. त्या सभासदांत टॉम विल्स हा नामांकित क्रिकेटपटू होता, आणि क्रिकेटचा ठसा या खेळावर कायमचा राहिला. आज प्रत्येक बाजूस अठरा गडी असतात. चेंडू लंबगोल, तो हातात घेऊन धावता येते, परंतु वरचेवर जमिनीवर आपटावा लागतो, सहकाऱ्यास द्यावयाचा तर फेकून नव्हे, मुठीने ठोसून द्यावा लागतो. किमान पंधरा मीटर अंतरावरून लाथाडलेला चेंडू हवेत अचूक झेलला तर झेलणाऱ्यास निर्वेध लाथ मारण्याचा हक्क मिळतो. ऑफसाइडचा नियम नाही. मैदान क्रिकेटचेच, लंबवर्तुळाकार. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. उपनगराच्या मध्यावरील सार्वजनिक मैदान उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात ऑस्ट्रेलियन फुटबॉल अशी वहिवाट एकदा पडली, की आयताकृती जागा मागणाऱ्या तिसऱ्या खेळास नगरपालिकेच्या दारी उभे राहावे लागते. सॉकर अनेक दशके तसे उभे राहिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. १९४५ ते १९६५ या काळात वीस लाखांहून अधिक लोक ऑस्ट्रेलियात स्थलांतर करून आले. त्यांत इटली, ग्रीस, युगोस्लाव्हिया, माल्टा, हॉलंड, हंगेरी येथील लोकांचा भरणा मोठा होता. त्यांनी स्थापन केलेले वा वाढवलेले सॉकर क्लब हे निव्वळ क्रीडामंडळ नव्हते. मेलबर्नमधील साउथ मेलबर्न हेलास किंवा सिडनीतील सेंट जॉर्ज बुडापेस्ट या नावांवरूनच त्यांचे स्वरूप ध्यानात येते: तेथे मातृभाषा बोलली जाई, नोकरीची वार्ता कळे, विवाह जुळत. यामुळेच स्थानिक समाजाने या खेळास परकीयांचा खेळ ठरवले व हेटाळणीची नावे दिली. राष्ट्रीय संघाचा कर्णधार जॉनी वॉरन याने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्राला ही हेटाळणीच शीर्षक म्हणून दिली आहे. १९७४ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाचा जो संघ पश्चिम जर्मनीत उतरला, त्यातील मॅनफ्रेड शेफर हा बचावपटू एरवी घरोघर दूध पोहोचवण्याचा व्यवसाय करीत असे.

या स्थलांतरितांच्या मुलांपुढे खेळाची निवड म्हणजे वस्तुतः दोन घरांमधील निवड होती. रविवारी बापाचा क्लब, आठवडाभर शाळेचे मैदान. आणि मेलबर्नच्या शाळेत मित्र मिळवावयाचे तर लंबगोल चेंडू झेलता आला पाहिजे. १९७० च्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगच्या अंतिम सामन्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १,२१,६९६ प्रेक्षकांसमोर कार्लटनने कॉलिंगवूडवर मात केली. कार्लटनचा प्रशिक्षक स्विस-इटालियन वंशाचा बरासी. संघात इटालियन मातापित्यांचा पुत्र सर्जियो सिल्वाग्नी. आणि ज्याचा उंच झेप घेऊन घेतलेला झेल आजही त्या खेळाची मुद्रा म्हणून दाखवला जातो, तो ॲलेक्स येसाउलेंको ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे जन्मलेला, निर्वासित कुटुंबातील. हा येसाउलेंको पौगंडावस्थेपर्यंत ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळलाच नव्हता. अशा घटनांना ‘एकात्मतेचे यश’ म्हणण्याची प्रथा आहे. ते खरेही आहे. पण त्या यशात बापाच्या क्लबला काय गमवावे लागले याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

येसाउलेंकोच्या उदाहरणात आणखी एक तत्त्व दडलेले आहे, आणि माझ्या मते साऱ्या स्पर्धेची ती गुरुकिल्ली आहे. पायाने चेंडू ताब्यात ठेवण्याचे कौशल्य अंगी बाणावयास बालपण खर्ची घालावे लागते. चौदाव्या वर्षी आरंभ करून उत्तम सॉकरपटू होणे अतिशय दुर्मिळ. उलट उंची, वेग, झेप व दम हे गुण अन्य खेळांतून आयते घेऊन ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये उशिरा प्रवेश करता येतो. डब्लिनहून १९८४ साली आलेला जिम स्टाइन्स आयर्लंडचा गेलिक फुटबॉल खेळत असे; १९९१ साली त्याने सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक मिळवले. म्हणजे सॉकरने गमावलेला मुलगा परत येत नाही, ऑस्ट्रेलियन फुटबॉल मात्र गमावलेल्याची भरपाई दुसऱ्याच्या अंगणातून करू शकतो.

आता पैशाकडे वळू. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने २०२५ ते २०३१ या सात वर्षांसाठी प्रक्षेपणाचे हक्क साडेचार अब्ज डॉलरना दिले. या उत्पन्नाचा काही अंश खाली झिरपत ‘ऑसकिक’ या बालवर्गापर्यंत पोहोचतो. पाच-सहा वर्षांच्या मुलास तेथे चेंडू मिळतो, आवडत्या क्लबची चिन्हे मिळतात. काहींना मोठ्या सामन्याच्या मध्यंतरात त्याच भव्य मैदानावर खेळावयासही मिळते. सॉकरमध्ये प्रवाह बहुतांशी उलटा आहे: मुलाच्या वर्गणीतील भाग स्थानिक संघटना, राज्यसंस्था व राष्ट्रीय संस्था असा वर चढत जातो. एका खेळात संस्था मुलाचा भार वाहते, दुसऱ्यात मूल संस्थेचा. निवडक मुलांच्या प्रशिक्षणाची वर्गणी तर मजुरी करणाऱ्या कुटुंबास सहज परवडणारी नसते. आणि नेमकी अशीच नवागत कुटुंबे या खेळाचा परंपरागत आधार आहेत.

परंतु पैशाने सर्व काही साधते असेही नाही. पश्चिम सिडनीत २०१२ साली दोन नवे संघ उभे राहिले. ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्स या संघामागे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचे विपुल द्रव्य होते. तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्यास खास सवलती मिळाल्या. रग्बी लीगचा प्रसिद्ध खेळाडू इझ्राएल फोलाऊ यास मोठे मानधन देऊन आणले, तो एका हंगामानंतर निघून गेला. वेस्टर्न सिडनी वाँडरर्स हा सॉकर संघ काही महिन्यांच्या तयारीने मैदानात उतरला, आणि २०१४ साली आशियाई विजेता ठरला. त्या भागातील मुलांना चेंडू गोल असतो हे कोणी शिकवावे लागले नाही. जायंट्सनीही २०१९ साली अंतिम सामना गाठला. तथापि यश मिळवणे आणि परिसरात रुजणे या भिन्न गोष्टी आहेत.

सतराव्या-अठराव्या वर्षी मात्र तराजू पुन्हा झुकतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या अठरा क्लबांत मिळून आठशेच्या आसपास वेतनी जागा आहेत आणि त्या सर्व मायदेशातच. सॉकरच्या गुणी मुलाचे क्षितिज युरोपात असते. हॅरी क्युएल पौगंडावस्थेतच लीड्सला गेला. मार्क विडुका १९९५ साली मेलबर्नच्या क्रोएशियन क्लबातून झाग्रेबला गेला. पुढे फिफाने अठरा वर्षांखालील खेळाडूंच्या परदेशगमनावर, काही अपवाद वगळता, बंदी घातली. त्यामुळे सोळा ते अठरा ही निर्णायक वर्षे देशातील क्लबांच्याच हाती आली, पण तेथील वेतनी जागा त्या मानाने थोड्या. आईबापांना स्थैर्य दिसते ते दुसरीकडे.

मुलींच्या बाबतीत हा इतिहास वेगळ्या रीतीने उलगडत आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉलची महिला लीग २०१७ साली सुरू झाली. तिला त्वरित तयार खेळाडू हवे होते, ते तिने अर्थातच अन्य खेळांतून घेतले. ब्रियाना डेव्ही ही त्यांपैकी एक; ती राष्ट्रीय सॉकर संघाची गोलरक्षक, म्हणजे त्या खेळात हात वापरण्याची मुभा असलेली एकमेव खेळाडू. २०२१ साली ती नव्या लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या पदकाची सहमानकरी झाली. दोनच वर्षांनी, २०२३ मध्ये, महिला विश्वचषक ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे झाला. यजमान संघाने फ्रान्सला पेनल्टींवर नमवून उपांत्य फेरी गाठली, आणि त्यानंतर सॉकर क्लबांकडे मुलींची रीघ लागली. त्याच सुमारास पालकांच्या मनात एक नवी धास्तीही शिरली आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील महान खेळाडू पॉली फार्मर याच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी होणारा विकार होता, असे २०२० साली त्याच्या मृत्यूनंतरच्या तपासणीत आढळले. २०२३ साली हेच निदान महिला लीगमधील हेदर अँडरसन हिच्या बाबतीत झाले. सॉकरमध्ये डोक्याने चेंडू मारतात, तेव्हा तोही या शंकेपासून मुक्त नाही. पण घरच्या चर्चेत दोषाचा मोठा वाटा टकरीच्या खेळाकडेच जातो.

दरम्यान नगरपालिकांपुढील प्रश्न जुनाच आहे. मुलींचे संघ वाढले तशी मैदाने, दिवे व कपडे बदलण्याच्या खोल्या अपुऱ्या पडू लागल्या. पुष्कळ क्रीडागृहे केवळ पुरुषांसाठी बांधलेली. लंबवर्तुळात दोन आयत आखता येतात, परंतु मधोमध क्रिकेटची खेळपट्टी येते, आणि ती झाकून तिच्यावर चेंडू कसा उसळेल हे आधी सांगता येत नाही.