मांजरांचा स्वादुपिंडदाह : निदान, उपचार व खर्च

'आंतररुग्ण विभाग – मांजरे' या शीर्षाखालील खर्च पाहून काही देणगीदारांनी विचारणा केली, की एका मांजराला आठ-आठ दिवस दाखल करून घेण्याचे कारण काय? प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र हा त्याचा प्रांत नव्हे. तथापि आमच्या पशुवैद्यकांकडून जे समजून घेतले, ते विश्वस्तांसमोर व रुग्णांच्या कुटुंबीयांसमोर ठेवणे आवश्यक वाटते.

स्वादुपिंडात तयार होणारे पाचकरस आतड्यात पोहोचल्यावर कार्यरत व्हावयाचे असतात. ते ग्रंथीतच कार्यरत झाले, की ग्रंथीलाच सूज येते. बहुसंख्य मांजरांत याचे कारण सापडत नाही. कुत्र्याला हा विकार झाल्यास उलट्या व पोटदुखी सहसा लक्षात येते. मांजर मात्र कोपऱ्यात जाऊन बसते आणि खाणे सोडते. पुष्कळांना उलटीही होत नाही. घरची मंडळी म्हणतात, 'रुसले असेल', 'बाहेर काही खाऊन आले असेल'. यात तीन-चार दिवस निघून जातात.

निदानासाठी एकच एक खात्रीची तपासणी नाही. रक्तातील अमायलेज व लायपेज यांच्या नेहमीच्या मोजणीवर मांजरांत विसंबता येत नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील संशोधनातून केवळ स्वादुपिंडातील लायपेज मोजणारी चाचणी उपलब्ध झाली. ती अधिक उपयुक्त आहे, परंतु सौम्य विकार तिच्यातूनही निसटू शकतो. सोनोग्राफी करणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून असते. ग्रंथीचा तुकडा काढून तपासावा, तर भूल द्यावी लागते आणि सूज ठिकठिकाणी विखुरलेली असल्याने नेमका निरोगी तुकडा हाती येण्याचा संभव असतो. उलटपक्षी, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११५ मृत मांजरांच्या स्वादुपिंडाची तपासणी केली असता सुमारे ६७ टक्के मांजरांत दाहाच्या खुणा आढळल्या. वरकरणी निरोगी मांजरेही त्यातून सुटली नव्हती. म्हणून लक्षणे, रक्ततपासणी व सोनोग्राफी यांचा एकत्रित विचार करूनच डॉक्टर निर्णय घेतात. बिलात तपासण्यांच्या दोन-तीन ओळी दिसतात, त्या यामुळे.

मांजरांत स्वादुपिंडाची नलिका आतड्यात उघडण्यापूर्वी पित्तनलिकेला मिळते. त्यामुळे यकृत, पित्तमार्ग व आतडे यांचा विकारही अनेकदा सोबत असतो आणि त्याकडेही पाहावे लागते.

उपचारांत सलाईन, वेदनाशामक व उलटी थांबविणारी औषधे ही प्रमुख होत. प्रतिजैविके सरसकट दिली जात नाहीत. परंतु खरा प्रश्न अन्नाचा असतो. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, काही दिवस उपाशी राहिले, की शरीरातील चरबी यकृतात साठू लागते व मूळ विकारापेक्षा हा नवा विकार प्राणघातक ठरू शकतो. पोटाला विश्रांती देण्याची जुनी पद्धत म्हणूनच मांजरांसाठी मागे पडली. उलटी आटोक्यात आणून नाकातून किंवा मानेतून अन्ननलिकेत नळी बसविली जाते आणि दर काही तासांनी, रात्रीसुद्धा, थोडे थोडे पातळ अन्न दिले जाते. नळी पाहून कुटुंबीय घाबरतात; एका गृहस्थांनी तर 'एवढे हाल कशाला' म्हणून मांजर परत नेण्याची तयारी केली होती.

गेल्या वर्षी एका निवृत्त शिक्षिकेने सहाव्या दिवशी आपले मांजर आणले, तेव्हा त्याचे कान आतून पिवळे पडले होते. नऊ दिवस ते आमच्याकडे राहिले. नळीसहच घरी गेले आणि बाईंच्या सूनबाईंनी तीन आठवडे घड्याळ लावून त्याला भरविले. त्याच महिन्यातील दुसरे मांजर वाचले नाही. घरच्यांनी कळवळ्यापोटी त्याला माणसांची पॅरासिटामॉलची गोळी दिली होती. मांजराला ती विषासमान असते, हे त्यांना ठाऊक नव्हते.

मांजराने एक संपूर्ण दिवस व रात्र काही खाल्ले नाही, तर वाट न पाहता रुग्णालयाशी संपर्क साधावा आणि घरातील कोणतेही औषध देऊ नये, ही विनंती. सदर शीर्षाखालील रकमेत नळी, भूल, सलाईन व रात्रपाळीच्या परिचारकांचे वेतन समाविष्ट आहे. शुल्क न परवडणाऱ्या कुटुंबांकडून केवळ औषधांची किंमत घेतली जाते. उर्वरित भार देणगी निधीतून उचलला जातो.