जुन्या संगणकाचे नवे सोंग

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळील डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लोकांच्या तोंडी अद्याप लॅमिंग्टन रोडच आहे. रेडिओचे सुटे भाग व पुढे संगणक यांच्या विक्रीसाठी तो प्रसिद्ध. वीस वर्षांपूर्वीचा संगणक तेथे दाखविल्यास, नव्या कामास तो चालणार नाही, असा अभिप्राय बहुधा मिळेल. अभिप्राय खोटा नाही, पण अपुरा आहे. शाळेच्या कपाटात असा संगणक पडून असल्यास मोडीत काढण्यापूर्वी शिक्षकांनी त्याचा एक उपयोग पाहावा.

बहुरूपी जसा फौजदाराचे सोंग घेऊन फौजदाराच्याच भाषेत बोलतो, तसे एका संगणकास दुसऱ्याचे सोंग देता येते. अशा आज्ञावलीस एम्युलेटर म्हणतात. ती मूळ यंत्राची एकेक आज्ञा वाचते व आपल्या यंत्राच्या अनेक आज्ञांनी तेच काम करून दाखविते. हा दुभाषीपणा वेळखाऊ असल्याने सोंग घेणारे यंत्र मुळाहून पुष्कळ वेगवान असावे लागते.

१९८१ साली इंग्लंडात निघालेल्या बीबीसी मायक्रोचे उदाहरण घ्यावे. भारत सरकारने १९८४ मध्ये सुरू केलेल्या ‘क्लास’ योजनेत शाळांना हेच यंत्र दिले होते. त्याचा वेग २ मेगाहर्ट्‌झ व स्मृती ३२ किलोबाइट. (टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० मध्ये पूर्ण केलेल्या टिफ्रॅक या प्रचंड यंत्राची मुख्य स्मृती याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच होती.) २ गिगाहर्ट्‌झचा, २५६ मेगाबाइट स्मृतीचा पेंटियम ४ आज टाकाऊ ठरतो, पण तो वेगात हजारपट व स्मृतीत आठ हजारपट मोठा आहे. हे सोंग त्यास सहज पेलते.

त्यासाठी बीबएम ही आज्ञावली विनामूल्य मिळते. जुन्या विंडोजवर तिची जुनी आवृत्ती घ्यावी व पेनड्राइव्हने आणावी. ती उघडताच बेसिक भाषा आज्ञेची वाट पाहत उभी राहते. फॉर, प्रिंट व नेक्स्ट अशा तीन ओळींत सतराचा पाढा उमटतो. न समजणारी आज्ञा दिल्यास यंत्र ‘मिस्टेक’ एवढेच म्हणते, व मूल पुन्हा आपल्या ओळीकडे पाहते.

या यंत्रात देवनागरी नाही. शिकविण्याच्या दृष्टीने ही उणीव मोठी सोयीची आहे. त्यात नवे अक्षर घडविता येते, मात्र आठ गुणिले आठ घरांत. मुलांनी चौकडीच्या वहीत ‘ग’ काढावा. प्रत्येक ओळीतील घरांना डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा किमती देऊन भरलेल्या घरांची बेरीज करावी. पूर्ण शिरोरेषेची बेरीज २५५ येते. जेथे केवळ दंड आहे व तो सातव्या घरात आहे, तेथे २. अशा आठ संख्या यंत्रास दिल्या की पडद्यावर ‘ग’ उमटतो. द्विमान पद्धतीचा धडा वेगळा घ्यावा लागत नाही. ‘गी’ काढताना वेलांटी शेजारच्या चौकटीत न्यावी लागते, आणि मुले त्यावर पुष्कळ वाद घालतात.

मर्यादाही आहेत. जुन्या आज्ञावलींचे स्वामित्वहक्क सुटलेले नसतात; प्रती घेताना ते पाहावे. विंडोज एक्सपीला २०१४ नंतर सुरक्षेची नियमित दुरुस्ती मिळत नाही, सबब असे यंत्र इंटरनेटला जोडू नये. रोज सकाळी घड्याळ मागील तारीख दाखवू लागले तर यंत्र बिघडले असे समजण्याचे कारण नाही. मुख्य फलकावरील नाण्याएवढा सेल संपलेला असतो, तो बदलावा.