गवती चहा

गवती चहा (शास्त्रीय नाव : सिंबोपोगॉन सिट्रॅटस) ही गवताच्या (पोएसी) कुलातील एक सुगंधी, बहुवर्षायू वनस्पती आहे. तिच्या पात्यांना लिंबासारखा वास असतो. महाराष्ट्रात ही पाती घरगुती चहात घालण्याची तसेच सर्दी-पडशात त्यांचा काढा करून पिण्याची पद्धत रूढ आहे. नावात ‘चहा’ असला तरी चहाच्या झुडपाशी (कॅमेलिया सायनेन्सिस) या वनस्पतीचे कोणतेही नाते नाही. ज्वारी, ऊस, वाळा आणि रोशा गवत हे तिचे खरे सगोत्र होत.

## नावे

मराठीत या वनस्पतीला ‘गवती चहा’ किंवा ‘पातीचा चहा’ म्हणतात. गुजरातीत ‘लीली चा’ (हिरवा चहा), तर मल्याळममध्ये ‘इंचिपुल्लु’ (आल्याचे गवत) असे नाव आहे. कॅरिबियन बेटांवर तिला तापाचे गवत या अर्थाच्या नावाने ओळखतात. ‘सिंबोपोगॉन’ हे प्रजातिनाम ‘होडी’ आणि ‘दाढी’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनले आहे, तर ‘सिट्रॅटस’ हे पद लिंबासारख्या गंधाचे सूचक आहे.

‘गवती चहा’ या नावाने व्यवहारात तीन वेगवेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात : मूळ वनस्पती, तिची पाती घालून केलेला दुधाचा चहा आणि चहाची पूड न घालता केलेला पात्यांचा काढा. यांपैकी दुसऱ्या पेयात कॅफीन असते, तिसऱ्यात नसते. या वनस्पतीसंबंधीचे अनेक गैरसमज हा भेद लक्षात न घेतल्यामुळे निर्माण होतात.

## वर्णन

गवती चहा ठोंबांच्या स्वरूपात वाढतो. त्याची उंची सामान्यतः 1 ते 1.5 मीटर असते. पाती लांब, अरुंद व टोकाकडे झुकलेली असून तिचा रंग निळसर छटा असलेला हिरवा असतो. पातीच्या कडा करवतीसारख्या धारदार असल्याने ती ओढून तोडल्यास बोट कापते; म्हणून ती कात्रीने किंवा विळ्याने कापतात. बुंध्याशी पात्यांची आवरणे एकमेकांवर बसून पांढरट, कांद्याच्या पातीसारखा घट्ट भाग तयार होतो. थायलंड, इंडोनेशिया आदी देशांच्या स्वयंपाकात हाच भाग वापरतात; महाराष्ट्रात मात्र मुख्यत्वे हिरवी पाती वापरतात.

या वनस्पतीला फुले क्वचितच येतात. त्यामुळे तिची वाढ बियांपासून न करता ठोंबातील मुळे असलेले फुटवे वेगळे करून करतात. परसात दिसणारे गवती चहाचे ठोंब बहुधा असेच एका घरातून दुसऱ्या घरी गेलेले असतात.

### सारख्या दिसणाऱ्या वनस्पती

याच प्रजातीतील सिट्रोनेला गवत (सिंबोपोगॉन विंटेरियानस व सिंबोपोगॉन नार्डस) दिसायला गवती चहासारखे असते. त्याचे तेल साबण, अत्तरे व डास पळवणारी मलमे यांसाठी वापरतात. चहासाठी ते लावत नाहीत. सिट्रोनेलाचा बुंधा बहुधा तांबूस, तर गवती चहाचा पांढरट-हिरवा असतो. पाती चुरगळल्यावर गवती चहाला स्वच्छ लिंबाचा वास येतो. सिट्रोनेलाचा वास उग्र व साबणासारखा वाटतो. अनोळखी ठिकाणचे रोप चहासाठी आणताना ही पारख करणे आवश्यक ठरते. केरळात तेलासाठी लावले जाणारे सिंबोपोगॉन फ्लेक्सुओसस हे गवतही निराळे असले तरी त्याचा वास गवती चहासारखाच असतो. त्यावरील संशोधनासाठी केरळातील ओडक्कली येथे 1951 मध्ये स्वतंत्र केंद्र सुरू झाले.

## गंधाचे कारण

गवती चहाच्या पात्यातील बाष्पनशील तेलात सिट्रल हे प्रमुख द्रव्य असते. तेलातील त्याचे प्रमाण साधारणपणे 65 ते 85 टक्के असते. सिट्रल म्हणजे जेरॅनियल व नेरल या दोन निकटवर्ती रेणूंचे मिश्रण होय. लिंबाच्या सालीच्या गंधातही सिट्रलचा मोठा वाटा असतो. दोन्हींचा वास जुळतो तो यामुळेच.

परंतु सिट्रल हे आम्ल नव्हे. लिंबाचा आंबटपणा सायट्रिक आम्लामुळे येतो आणि गवती चहात ते लिंबासारख्या प्रमाणात नसते. म्हणून वास लिंबाचा असूनही गवती चहामुळे दूध नासत नाही. गोकर्णाच्या निळ्या फुलांच्या गरम पाण्यात लिंबाचे थेंब टाकले की त्याचा रंग जांभळा होतो. त्याच पाण्यात गवती चहाची पाती घातल्यास वास येतो, पण रंग निळाच राहतो. गंध व चव या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना या साध्या प्रयोगातून दाखवता येते.

सिट्रलचा उपयोग सुगंधी द्रव्यांच्या उद्योगात, तसेच अ जीवनसत्त्वाच्या औद्योगिक निर्मितीत कच्चा माल म्हणूनही होतो.

## पेयातील वापर

### दुधाचा चहा

दोन कप चहासाठी तीन-चार ताजी पाती पुरतात. ती धुऊन बोटाच्या पेराएवढे तुकडे करतात. तेल पात्याच्या आतील पेशींत साठलेले असल्यामुळे अखंड पाती घातल्यास ते कमी उतरते. कापल्याने किंवा किंचित ठेचल्याने ते मोकळे होते.

तुकडे पाण्यात घालून पातेल्यावर झाकण ठेवतात व मंद आंचेवर तीन ते पाच मिनिटे उकळतात. त्यानंतर साखर व चहाची पूड आणि शेवटी दूध घालतात. झाकणाला येथे विशेष महत्त्व आहे. कारखान्यात या गवताचे तेल वाफेच्या साहाय्यानेच वेगळे करतात. वाफेबरोबर तेल वर येते व थंड झाल्यावर गोळा करतात. उघड्या पातेल्यात हीच क्रिया घडते, मात्र तेल गोळा न होता हवेत जाते. चहा उकळताना घरभर दरवळणारा वास म्हणजे कपातून निघून गेलेला वास होय. फार वेळ उकळल्याने गंध वाढत नाही; उलट तो कमी होऊन गवताची उग्र चव उतरते.

गवती चहासोबत आले घालण्याचा प्रघात आहे. कच्च्या आल्यात प्रथिनांचे विघटन करणारे विकर असते व त्यामुळे दूध फाटू शकते. उकळत्या पाण्यात हे विकर निष्क्रिय होते. म्हणून आले पाण्यातच उकळून घेऊन दूध मागाहून घालावे, या घरगुती रीतीला शास्त्रीय आधार आहे. दूध फाटल्याचा दोष अनेकदा गवती चहाला दिला जातो, पण तो बहुधा आल्याचा किंवा शिळ्या दुधाचा असतो.

### काढा

चहाची पूड व दूध न घालता केलेल्या पात्यांच्या पेयास काढा म्हणतात. त्यात तुळस, आले, सुंठ, मिरी, दालचिनी, पुदिना यांपैकी काही पदार्थ आवडीनुसार घालतात. आले व मिरी यांना जास्त वेळ उकळावे लागते. तुळस व पुदिना यांची पाने कोवळी असल्याने ती आंच बंद केल्यावर घालून झाकून ठेवणे पुरेसे होते. वेलचीचा वास गवती चहाच्या वासावर मात करतो, त्यामुळे दोन्ही एकत्र घालायची असल्यास वेलची बेताने घालतात.

## लागवड व साठवण

गवती चहा कुंडीतही वाढतो. सुमारे 30 सेंटिमीटर व्यासाची, पाण्याचा निचरा होणारी कुंडी व भरपूर ऊन एवढी त्याची गरज असते. पावसाळ्याच्या आरंभी मुळांसह फुटवा लावल्यास तीन-चार महिन्यांत पहिली कापणी करता येते. पाती जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर वर कापतात. ठोंब दाट झाला की दोन-तीन वर्षांनी तो उपटून फुटवे वेगळे करतात.

ताजी पाती ओलसर फडक्यात गुंडाळून शीतकपाटात काही दिवस टिकतात. वाळवायची असल्यास ती सावलीत वाळवतात, कारण ऊन व हवा यांच्यामुळे सिट्रलचा ऱ्हास होतो. वाळलेली पाती झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवतात.

## आरोग्यविषयक समजुती व तथ्ये

गवती चहाच्या पात्यात कॅफीन नसते. मात्र दुधाच्या चहात पाती घातल्याने त्यातील कॅफीन कमी होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहारविषयक मार्गदर्शिकेनुसार 150 मिलिलिटर चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफीन असते. चहातील टॅनिनांमुळे आहारातील लोहाच्या शोषणात अडथळा येतो. म्हणून जेवणाच्या आधी व नंतर किमान एक तास चहा टाळावा, असा सल्लाही तीत दिला आहे. रक्तक्षय असलेल्यांना हा सल्ला गवती चहा घातलेल्या दुधाच्या चहाबाबतही लागू पडतो.

परंपरेने हा काढा घाम आणणारा, वातहर व पाचक मानला जातो. गरम पेयाने सर्दीत बरे वाटते, यात शंका नाही. प्रयोगशाळेत सिट्रलचा काही जीवाणू व बुरशी यांच्यावर परिणाम दिसून आला आहे. परंतु तेथे वापरलेले तेल व कपातील काढा यांच्या तीव्रतेत मोठे अंतर असते. ब्राझीलमध्ये हे पेय झोप आणणारे मानले जाते. तेथे माणसांवर झालेल्या व 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते अपायकारक आढळले नाही, तसेच त्याचा झोप आणणारा किंवा चिंता घालवणारा परिणामही दिसला नाही.

### दक्षता

पावसाळ्यात गवती चहाचा काढा सर्वाधिक प्यायला जातो आणि हिवताप व डेंग्यू यांचा प्रादुर्भावही याच काळात असतो. काढ्याने घाम येऊन ताप काही काळ उतरल्यासारखा वाटला, तरी आजार बरा झाला असे होत नाही. अंगावर ताप काढून रक्ततपासणी लांबवणे धोक्याचे ठरू शकते. सहा महिन्यांपर्यंतच्या बालकास आईच्या दुधाखेरीज कोणताही काढा देऊ नये. गर्भवतींनी औषध म्हणून नियमित काढा घेण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट असते. बाजारात मिळणारे गवती चहाचे तेल अतिशय तीव्र असते. ते पात्यांना पर्याय म्हणून चहात घालू नये.

## हेही पहा

* चहा
* वाळा
* रोशा गवत
* तुळस
* आले